टेकूचं बोट

"मी थप्पड मारलेली नाही!" बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज कार्यशाळेच्या दारातून बाहेर, बाकावर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. आत कुणीतरी कुणाच्या मुस्काटात दिली, असंच बाहेरच्यांना वाटलं असणार. तसं काही नव्हतं. भांडण एका कानावरून चाललं होतं, आणि तो कान सिलिकॉनचा होता.

बाई कान करत. ज्यांचा कान जळाला, कापला गेला किंवा जन्मतः आलाच नाही, त्यांना दुसरा करून देत. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, चादरी धुण्याच्या विभागाला लागून कृत्रिम अवयवांची कार्यशाळा होती. तिथे तीस वर्षं त्यांनी मेणात कान कोरले होते. पेशंट समोर बसवायचा, त्याचा शाबूत कान डोळ्यांत साठवायचा आणि त्याचा आरशातला जोडीदार मेणातून काढायचा. डाव्यावरून उजवा, उजव्यावरून डावा. चारशेच्या वर कान त्यांच्या हातून गेले, पण एकही भलत्या बाजूचा निघाला नव्हता. तसं कुणी कधी विचारलंही नव्हतं. बाह्या दोन्ही बाजूंना लावल्यास ना, असं शिंप्याला कुणी विचारतं का?

मग आठ महिन्यांपूर्वी काचेचं टेबल आलं. टेबल कसलं, टेबलाएवढा स्क्रीनच. पेशंटचा चांगला कान एका यंत्रानं टिपायचा, की तो त्या काचेत तरंगायला लागे, सगळ्या बाजूंनी पाहता येईल असा. बोटांनी त्याला फिरवायचा, फुगवायचा, घासायचा, आणि मनासारखा झाला की शेजारचं यंत्र त्याचा साचा थरावर थर चढवून छापून देई. कंपनीचा एक गुळगुळीत चेहऱ्याचा शिक्षक दोन दिवस शिकवायला आला होता. एका बोटानं कान सरकतो. दोन बोटांच्या चिमटीनं लहानमोठा होतो. दोन बोटं टेकवून मनगट वळवलं की कान गरकन फिरतो. आणि तीन बोटं टेकवून हात आडवा सरकवला की आरसा होतो, डाव्याचा उजवा.

"म्हणजे चिमटा, कानपिळी आणि थप्पड," बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळी कार्यशाळा हसली होती. शिक्षकाच्या पुस्तकात या हालचालींना भलीमोठी नावं होती, ती त्याच्याबरोबर परत गेली. मागे राहिले ते चिमटा, कानपिळी आणि थप्पड.

तेव्हा बाई शिकायला तयार नव्हत्या, असं जे नंतर साहेब सांगत फिरले ते साफ खोटं आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या स्टुलावर बसून कान पिळायला शिकल्या. डब्यातलं खाऊन झालं की पुन्हा काचेपाशी जाऊन बसत. तक्रार एकच होती. मेण बोटाला सांगतं, इथे जाड आहे, इथे आता पुरे. काच काहीच सांगत नाही. पातळ पाळी असो की जाड, बोटाला लागते ती तीच थंडगार काच. एवढं त्या बोलल्या होत्या, तेही एकदाच. त्यावर साहेब म्हणाले होते, "बाई, आता डोळ्यांनी काम करायचं. हाताला विश्रांती द्या."

साहेब म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख. पंधरा वर्षांपूर्वी ते इथे शिकाऊ म्हणून आले, तेव्हा बाईंच्याच हाताखाली. मेण असं दाबत की कानाचा चपटा पापड होई, म्हणून बाईंनी त्यांचं नाव धसमुसळ्या ठेवलं होतं. पुढे त्यांनी परीक्षा दिल्या, परदेशी जाऊन आले, टाय लावायला लागले आणि धसमुसळ्याचे साहेब झाले. बाई त्यांना चारचौघांत अहो-जाहो करत आणि एकटे असतानाही करत, कारण मान द्यायचा तर पुरता द्यावा, असं त्यांचं मत होतं.

तर हे साहेब आता, गुरुवारी सकाळी, कागदावरची नोंद वाचून दाखवत होते. "बारा तारीख. दुपारी तीन चाळीस. तुमचं नाव. आरसा. यंत्र कशाला खोटं बोलेल, बाई?"

"म्हणजे मी बोलते?"

खुर्चीत बसलेल्या ड्रायव्हरनं घसा खाकरला.

हा ड्रायव्हर शहरातली बस चालवायचा. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या एका स्फोटात त्याचा उजवा कान गेला. ऐकू व्यवस्थित येत होतं. "बायको बोलते ते तर दोन्हीकडून येतं," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पंचाईत झाली ती चष्म्याची. उजवी काडी अडकवायला जागाच नव्हती. तो चष्मा डोक्यामागून इलॅस्टिकनं बांधून यायचा आणि मान हलली की चष्मा नाकावर उतरायचा. असा चष्मा बांधून कोण बस चालवू देणार? बस कंपनीनं त्याला गाड्या धुवायला लावलं होतं. येत्या सोमवारी डॉक्टरी तपासणी होती. चष्मा नीट बसला तर पुन्हा स्टिअरिंग, नाही तर कायमची धुलाई. तसं पत्रच त्याला मिळालं होतं, आणि ते घडी घालून तो खिशात घेऊन हिंडायचा.

त्या सकाळी बाईंनी तयार कान डबीतून काढला होता. रंग सुंदर जमला होता. रंगारीभाऊ, म्हणजे सिलिकॉनमध्ये कातडीचे रंग घालणारे बाईंचे जुने सोबती, त्यांनी पाळीवर उन्हानं रापल्याची छटासुद्धा आणली होती. ड्रायव्हरच्या हाडात दोन बारीक खुंट्या बसवलेल्या होत्या, त्यांवर कान चुंबकानं बसायचा. बाईंनी तो लावला. टक्‌ असा आवाज झाला.

कान मागे बघत होता. पाळी खाली, वळण वर, सगळं जागच्या जागी, पण जी खोलगट बाजू गालाकडे हवी ती मानेकडे. डोक्याच्या उजवीकडे डावा कान बसला होता.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली. "बाई," तो म्हणाला, "रिव्हर्स घेताना उपयोगी पडेल हो."

तो हसला, पण खिशातल्या पत्रावर त्याचा हात गेलेला बाईंनी पाहिला, आणि त्या जागच्या जागी कानकोंड्या झाल्या.

चांगला डावा कान टिपल्यावर तो एकदा उलटवून उजवा करायचा असतो. तो आदल्या दिवशी, अकरा तारखेला, तसा केला होता. पण मग कुणीतरी आणखी एकदा उलटवला होता, आणि नोंद सांगत होती की ते कुणीतरी बाईच होत्या. त्यांना तर असं काही केल्याचं आठवतच नव्हतं. तीन बोटं त्या दिवशी काचेला लागलीच नाहीत, हे त्या शपथेवर सांगायला तयार होत्या.

"दुसरा छापू," बाई म्हणाल्या. "आत्ता."

"आत्ता कसा? शनिवारी देणगीदार येतायत, यंत्र त्यांच्यासाठी मांडून ठेवलंय. सोमवारपासून ते दातांच्या विभागाकडे जाईल." साहेबांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. "सहा आठवडे धरा."

"यांची तपासणी सोमवारी आहे!"

"ते मला समजतं, बाई. पण चूक माझी आहे का?" साहेबांनी टेबलावरून एक छापील कागद पुढे केला. तो आधीच तयार होता, याचीच बाईंना जास्त चीड आली. "यावर सही करून शनिवारपर्यंत द्या. तोवर स्क्रीनवर तुमचं नाव बंद राहील. आणि तुम्हाला झेपत नसेल तर स्टोअररूममध्ये हलकं काम आहे. त्यात कमीपणा काही नाही."

कागदावर तीनच ओळी होत्या. दिनांक बारा रोजी पेशंटच्या कानाचा नमुना उलटा झाला. सदर चूक माझ्या निश्काळजीपणामुळे घडली. पुन्हा असे होणार नाही.

निष्काळजीपणा! बाईंचं डोकं भणभणलं. एका पेशंटच्या कानामागे तीळ होता म्हणून त्यांनी सिलिकॉनमध्ये तीळ घातला होता, जो त्या माणसाला स्वतःला कधी दिसणार नव्हता. एका आजोबांच्या कानात केस उगवत, तेसुद्धा चिमट्यानं एकेक करून रोवले होते. आणि हा पापड लाटणारा धसमुसळ्या त्यांना निष्काळजी म्हणतो!

घरी आल्यावर त्यांनी कागद यजमानांसमोर आपटला. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हातातली लाल पेन्सिल सुटली नव्हती. वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, काहीही त्यांच्या हातून कोरं सुटत नसे. त्यांनी चष्मा लावला, तीन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि हळूच पेन्सिल उचलली.

"निष्काळजीत पोटफोड्या ष हवा. यानं शेंडीफोड्या श घातलाय."

"अहो! माझ्या तीस वर्षांवर पाणी पडतंय आणि तुम्हाला पोटफोड्या सुचतोय?"

"मग सही करू नकोस."

"नाहीच करणार!"

"पण करायचीच झाली," यजमान निगुतीनं शेंडी उडवून पोट फोडत म्हणाले, "तर शुद्ध कागदावर करावी." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक विचारू? रागावू नकोस. तुझ्याकडून खरंच नाही ना झालं?"

यावर बाई जेवण होईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेरच्यानं शंका घेतली तर तोंड आहे भांडायला. घरच्यानं घेतली की माणूस भाजी वाढता वाढता रडकुंडीला येतं. यजमानांनी मुकाट्यानं कागद घडी करून बाईंच्या पर्समध्ये ठेवला, त्यात पेन्सिलही गेली.

शुक्रवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचल्या. माळ्यावर 'मोडीत काढायचे' अशी चिठ्ठी लावलेली दोन खोकी होती. त्यांतून मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा, प्लास्टरची पिशवी असं सगळं रंगारीभाऊंनी उतरवून दिलं. चाकू मोडीत निघाला नव्हता, कारण तो बाईंनी कधी दिलाच नव्हता. तो त्यांच्या पर्समध्ये असायचा, कंगव्याशेजारी. ड्रायव्हरला त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या या. दिवसभराची रजा काढून या. आणि मान हलवायची नाही."

"बस धुणाऱ्याला रजा लगेच मिळते," ड्रायव्हर म्हणाला होता.

साहेब शनिवारच्या गडबडीत होते. फुलं किती, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे, भिंतीवरचा मोठा पडदा चालतो का. येता जाता त्यांनी बाईंना मेण वितळवताना पाहिलं, आणि चक्क कानाडोळा केला.

मेण हातात आलं आणि बाईंचा जीव थाऱ्यावर आला. आधी ओबड गोळा, मग कड, मग आतली वळी. ड्रायव्हर खुर्चीत ताठ बसला होता. बाई त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बघत, उजवीकडे येऊन कोरत, पुन्हा डावीकडे. मेणाचा कान खुंट्यांवर लावून जागेवरच तासायचा, ही त्यांची पद्धत. राग मात्र सारखा वर येत होता. नोंद म्हणे. यंत्र म्हणे खोटं बोलत नाही. मी चारशे कान केले तेव्हा हे यंत्र कुठे होतं?

"बाई," ड्रायव्हर ओठ न हलवता म्हणाला, "तुमची करंगळी."

"काय झालं तिला?"

"जबड्यावर टेकलीय. नाही, असू द्या. गुदगुल्या होतात एवढंच."

बाईंनी खाली पाहिलं. चाकू अंगठा आणि दोन बोटांत होता, आणि करंगळी ड्रायव्हरच्या जबड्याच्या हाडावर घट्ट रोवलेली होती. त्यात नवल काहीच नव्हतं. त्याला टेकू म्हणतात. कोरणाऱ्याचा हात अधांतरी असेल तर चाकू घसरतो, मेण तुटतं, कधी पेशंटच्या गालाला लागतं. म्हणून आधी करंगळी कुठेतरी टेकवायची आणि मगच चाकू लावायचा. हे बाईंच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी पुढे शिकाऊ मुलांना, पट्टीनं बोटावर टपली मारून मारून. "टेकू! टेकू कुठाय तुझा?" आता ती करंगळी आपली आपण टेकायची, बाईंना न विचारता. चहाचा कप धरताना टेकायची, सुईत दोरा ओवताना टेकायची.

बाईंचा हात थांबला.

"काय झालं, बाई? मी हललो का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही चहा घेऊन या. दहा मिनिटं."

त्या काचेपाशी गेल्या. त्यांचं नाव बंद होतं, म्हणून रंगारीभाऊंना स्वतःचं नाव घालायला लावलं. ड्रायव्हरचा कान काचेत वर आला. बाईंनी हात मुद्दाम हवेत धरला, दोन बोटं टेकवली, कान पिळला. तो नीट फिरला. पुन्हा पिळला. पुन्हा नीट. मग त्या स्टूल ओढून बसल्या, रोज बसायच्या तशा, आणि हाताला त्याच्या मनासारखं करू दिलं. करंगळी आधी काचेवर बसली. मग दोन बोटं आली. मनगट वळलं, हात जरासा आडवा सरकला.

कान उलटला. ना आवाज, ना खटका, ना 'करू का?' असा प्रश्न. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक फिकट चिन्ह लुकलुकलं आणि विझलं. ते दिसलंही फक्त बाजूनं वाकून बघणाऱ्या रंगारीभाऊंना, कारण ते बरोबर बाईंच्या तळहाताखाली होतं.

"तीन बोटं झाली," रंगारीभाऊ हळू आवाजात म्हणाले.

बाई बसून राहिल्या. म्हणजे मारली होती. थप्पड त्यांनीच मारली होती, आणि वर दोन दिवस साऱ्या जगाशी तावातावानं भांडल्या होत्या. यजमानांशी अबोला धरला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि आता तो कुणावर काढायचा तेही कळेना. शिवाय चारशे कान केलेल्या बाईला काचेतला कान उलटलेला दिसला कसा नाही? पण दिसणार कसा? काचेत नुसता कान तरंगत होता. त्याला गाल नव्हता, मान नव्हती, डोकंच नव्हतं. सारखा गरगर फिरवल्यावर कुठली बाजू पुढची हे सांगायला तिथे ड्रायव्हर कुठे बसला होता? छापलेला साचा तर थेट रंगारीभाऊंकडे गेला, आणि रंगवलेला कान डबीत बंद होऊनच आला.

मग राग परत आला, आणि आता त्याला नेमका पत्ता सापडला होता. हाताची कामं करणाऱ्यांसाठी टेबल बनवलं, आणि हात टेकतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं! ज्यानं हे बनवलं त्यानं जन्मात कधी चाकू धरला होता का? कुणा कोरणाऱ्याच्या शेजारी तासभर बसला होता का? हात अधांतरी ठेवून फक्त भाषण करता येतं, काम करता येत नाही. तीस वर्षं जे बोट चूक होऊ नये म्हणून टेकलं, त्याच बोटाला या काचेनं चूक ठरवलं, आणि तीही अशी गुपचूप की माणसाला कळूही नये.

"साहेबांना सांगायचं का?" रंगारीभाऊंनी विचारलं.

"सांगायचं तर आहेच. मीच सांगणार. आधी कान."

दुपारपर्यंत कान झाला. प्लास्टरचा साचा झाला, सिलिकॉन ओतलं गेलं, आणि शनिवारी सकाळी साचा उघडून रंगारीभाऊंनी त्याला उन्हात रापवला. अकरा वाजता ड्रायव्हर आला. टक्‌. बाईंनी त्याला आरसा दिला नाही, आधी चष्मा दिला. त्यानं दोन्ही काड्या कानांमागे सारल्या. मान हलवली. वाकला. बसच्या पायरीवरून उतरावं तशी एक उडीही मारली. चष्मा जागचा हलला नाही. मग तो खिडकीपाशी गेला आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून वाचू लागला. तो वाचून झाला, तसा त्यानं पुढच्या गाडीचाही वाचला. सोमवारी त्याची तपासणी पार पडली आणि त्याला स्टिअरिंग परत मिळालं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कुणाचा जीव टांगणीला नको.

टांगणीला होता तो बाईंचा. पर्समधला कागद अजून सहीविना होता, आणि पाहुणे आले होते.

दहा-बारा देणगीदार खुर्च्यांवर बसले. काचेत जे दिसेल तेच भिंतीवरच्या पडद्यावर मोठं होऊन दिसत होतं. साहेब निळ्या सूटमध्ये टेबलापाशी उभे राहिले. बाई, रंगारीभाऊ आणि ड्रायव्हर मागे दारापाशी थांबले होते. साहेबांनी नमुन्याला कुणाचा कान घ्यावा? समोर तयार होता तोच घेतला, ड्रायव्हरचा.

"आधी हे काम मेणात चालायचं," साहेब म्हणाले. "दिवसेंदिवस. आणि माणूस म्हटला की चुका आल्याच. आता बघा. हा डावा कान. हा मी उलटवला, झाला उजवा. आता वस्तू हातात घेतल्यासारखी तुम्ही फिरवू शकता, कोरू शकता." बोलण्याच्या भरात ते खाली वाकले आणि कानाची कड घासायला लागले. मन लावून घासायला लागले. काही झालं तरी कान करायला शिकलेला माणूस तो, कड दिसली की हात थांबत नाही.

बाईंचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. त्या हाताकडे बघत होत्या. साहेबांची करंगळी अलगद खाली आली आणि काचेवर बसली. बाईंनी पट्टीच्या टपल्या मारून मारून बसवली होती, अगदी तशीच. क्षणभर, अशा वेळी वाटू नये ते बाईंना वाटलं. त्यांना बरं वाटलं. पोरगा टेकू विसरला नव्हता.

कान वळवायला दोन बोटं आली, मनगट वळलं आणि हात जरासा आडवा सरकला. पडद्यावरचा कान उलटला. कोपऱ्यातलं चिन्ह लुकलुकलं ते साहेबांच्या तळहाताखाली. पडद्यावरही ते क्षणभर दिसलं, पण पाहुण्यांपैकी एकाचीही पापणी हलली नाही.

"आणि हा तयार झाला आपला उजवा कान," साहेब सरळ होत म्हणाले. टाळ्या पडल्या.

"साहेब," बाई मागून म्हणाल्या. "कुठल्या बाजूचा म्हणालात?"

"उजव्या." साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "बाई, प्रश्न नंतर."

"एकदा नीट बघा ना."

साहेबांनी बघितलं. पडद्याकडे, काचेकडे, पुन्हा पडद्याकडे. त्यांना दिसेना, हे बाईंना समजत होतं. त्यांनाही दिसलं नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हर सरळ चालत पुढे गेला आणि पडद्याला डोकं लावून उभा राहिला, आपला उजवा कान पाहुण्यांकडे करून.

"माझा पुढे बघतोय," तो म्हणाला. "हा मागे. परवा असलाच बसवला होता मला."

पाहुणे आधी हसले आणि मग हसायचे थांबले. साहेबांच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या. "पण मी तीन बोटं लावलीच नाहीत," ते म्हणाले. "मी तर दोनच..."

"अरे धसमुसळ्या, करंगळी!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी हात झटकन वर उचलला, पट्टी आली की उचलायचे तसा. मग त्यांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं.

बाई पुढे आल्या. चारचौघांत अरे म्हटल्याची त्यांना आता लाज वाटत होती, पण सांगायचं ते सांगायलाच हवं होतं. "तुमची नोंद खरी होती, साहेब. थप्पड मीच मारली. काल कळलं मला. मी उगीच आरडाओरडा केला, तेवढ्याबद्दल माफी मागते." त्यांनी पर्समधून कागद काढला आणि लाल पेन्सिलही. "सहीसुद्धा करते. पण खोट्या कागदावर नाही करायची."

कागद त्यांनी काचेवर ठेवला नाही. रंगारीभाऊंचं लाकडी टेबल बाजूला होतं, त्यावर ठेवला. दुसऱ्या ओळीपाशी वाकल्या. यजमानांनी एवढ्या निगुतीनं दुरुस्त केलेला 'निष्' त्यांनी आडव्या रेघेनं उडवला. त्याच शब्दातला 'पणा' उडवला. बाकीचं तसंच ठेवलं, खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी वाचलं. सदर चूक माझ्या काळजीमुळे घडली.

"खाली जागा ठेवलीय," बाई म्हणाल्या. "आत्ता तुमच्याकडूनही झाली ना."

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग पेन्सिल मागितली, कागद लाकडावर ठेवला आणि सही करायला वाकले. आधी करंगळी टेकली, मग पेन्सिल.